कॅमिलस आधी पेशंट होता

संत कॅमिलस म्हणजे सोळाव्या शतकातला इटलीतला संत, आजाऱ्यांची सेवा करणारा संघ काढणारा, आणि त्याच्या पायाची जखम ४६ वर्षं भरली नाही. तरुणपणी पायाला काहीतरी झालं, ते चिघळलं, मग औषधं झाली, पट्ट्या झाल्या, रोमच्या इस्पितळात राहून झालं, थोडे दिवस सुकायची आणि परत वाहायला लागायची, असं मरेपर्यंत. त्याच्या चरित्रात ही जखम बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात, 'त्यांना पायाचा आजार होता' वगैरे, आणि लगेच धर्मसंघाची स्थापना, संतपद, सण कधी असतो ते. मला मात्र वाटतं सगळी गोष्ट त्या जखमेतच आहे. ती नसती तर तो कपुचिन नावाच्या कडक संघाचा संन्यासी होऊन एखाद्या मठात शांतपणे जगला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.

मी नर्स आहे, बरीच वर्षं जनरल वॉर्डमध्येच काम केलंय. आमचा हा पेट्रन सेंट, म्हणजे आश्रयदाता संत, नर्सिंगला असताना त्याचं चित्र असलेलं छोटं कार्ड मिळालं होतं, काळा झगा, छातीवर मोठा लाल क्रूस, एका आजाऱ्यावर वाकलेला. तेव्हा एवढंच माहीत होतं. नंतर हळूहळू वाचत गेले आणि जेवढं वाचलं तेवढा हा माणूस मला जवळचा वाटायला लागला, कारण हा पहिल्यापासून देवभोळा, गुणी मुलगा वगैरे नव्हताच.

जन्म २५ मे १५५०, बुक्कियानिको नावाच्या गावी, इटलीच्या आब्रुत्सो भागात, तेव्हा हा भाग नेपल्सच्या राज्यात होता. आई कॅमिला, तिचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे मूल होण्याची आशा सोडलेली. तिच्या नावावरूनच याचं नाव ठेवलं. तिला गरोदरपणी स्वप्न पडलं होतं असं सांगतात, की एक मुलगा, त्याच्या छातीवर लाल क्रूस, आणि त्याच्या मागे तसेच क्रूस लावलेली पुष्कळ मुलं. ती बिचारी घाबरली, कारण त्या काळी फाशी देताना गुन्हेगाराच्या छातीवर क्रूस लावत, तिला वाटलं माझं पोर दरोडेखोरांचा म्होरक्या होणार. आणि पोराची लक्षणंही सुरुवातीला तशीच होती. बाप सैन्यात अधिकारी, कायम कुठल्या ना कुठल्या लढाईवर, घरी असला तरी पत्ते आणि फासे. आई कॅमिलस बारा-तेरा वर्षांचा असताना गेली. नंतर त्याला वळण लावणारं कोणी उरलंच नाही, जे होतं ते बापाचं वळण.

उंची बघा, जवळजवळ साडेसहा फूट. अंगाने आडवातिडवा, आवाज मोठा, राग नाकावर. बापाबरोबर व्हेनिसच्या सैन्यात भरती व्हायला निघाला, तुर्कांविरुद्ध लढायला, आणि वाटेतच बाप वारला. जखमेचं दुखणंही त्याच सुमाराचं. मग १५७१ मध्ये हा लंगडत रोमला आला, सान जाकोमो नावाच्या इस्पितळात. हे इस्पितळ असाध्य रोग्यांचं, म्हणजे ज्यांना बाकी कोणी घेत नाही अशांचं. पैसे नव्हते म्हणून उपचाराच्या बदल्यात तिथेच नोकर म्हणून कामाला लागला. काही महिन्यांत हाकलला गेला. कारण एकच, पत्ते. आजाऱ्यांना सोडून नदीवर नावाड्यांबरोबर जुगार खेळायला पळायचा, बाकी नोकरांशी भांडणं करायचा, समजावलं तरी ऐकायचा नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे ज्या माणसाने आजाऱ्यांच्या सेवेचे नियम लिहिले त्याला त्याच इस्पितळातून कामचुकारपणासाठी काढून टाकलेलं होतं! रात्री हाक मारली तरी न येणारा वॉर्डबॉय कसा असतो हे त्याला बाहेरून बघून माहीत नव्हतं, तो स्वतः तसा होता. आणि त्याच वेळी तो त्याच इस्पितळात पेशंटही होता, म्हणजे खाटेवरून ते कसं दिसतं तेही माहीत. दोन्ही बाजू.

मग परत सैन्य, काही वर्षं लढाया, जहाजं, आजारपणं. १५७४ मध्ये त्याची तुकडी बरखास्त झाली आणि हा नेपल्समध्ये होतं नव्हतं ते सगळं जुगारात हरला, तलवार वगैरे सगळं, अंगातला सदरासुद्धा गेला असं सांगतात. वय २४. तिथून भटकत भटकत मानफ्रेदोनियाला पोचला आणि चर्चच्या दारात भीक मागायला उभा राहिला. एका अधिकाऱ्याचा मुलगा, एवढा धिप्पाड, हात पुढे करून. एका सद्गृहस्थाला दया आली, त्याने विचारलं काम करशील का, तिथे कपुचिन फादरांच्या मठाचं बांधकाम चालू होतं. दगड वाहायचे, चुना कालवायचा, गाढवावरून सामान आणायचं. कॅमिलसने काम धरलं, पण संन्यासी लोकांची त्याला धास्तीच होती, जास्त जवळीक नको अशी.

त्या लोकांनी त्याला एकदा काही सामान आणायला सान जोव्हान्नी रोतोन्दोच्या मठात पाठवलं. तिथल्या एका संन्याशाने त्याला बाजूला घेऊन बोलणं केलं. फार मोठं प्रवचन नव्हतं ते. देव हेच सर्वस्व, बाकी काही नाही, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५, हा गाढवावरून परत येत होता आणि डोंगराळ वाटेवर मध्येच खाली उतरला, की पडलाच म्हणा, आणि दगडधोंड्यांत गुडघ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. इतकी वर्षं मी काय करत होतो म्हणून. तो दिवस तो आयुष्यभर आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून पाळायचा.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. आता याने कपुचिन व्हायचं ठरवलं, त्यांनी घेतलंही, अंगात तो जाडाभरडा झगा चढला, आणि चालताना त्या झग्याची कडा पायावर घासून घासून जखम परत उघडली. संन्याशांनी सांगितलं, बाबा आधी बरा होऊन ये. परत रोम, परत सान जाकोमो. तिथे चार वर्षं राहिला, जखम सुकली, १५७९ मध्ये परत मठात गेला, परत तेच, जखम वाहायला लागली, परत बाहेर. म्हणजे देवाचं दार वाजवतोय आणि दार पायामुळे बंद होतंय. मनाला किती लागलं असेल. संत फिलिप नेरी तेव्हा रोममध्ये त्याचे आध्यात्मिक गुरू होते, त्याचं पापनिवेदन तेच ऐकायचे, त्यांनी म्हणे आधीच सांगितलं होतं की जाऊ नकोस, तुझी जखम परत उघडेल.

पण या वेळेला सान जाकोमोमध्ये आलेला माणूस वेगळा होता. ज्या इस्पितळातून हाकलला होता तिथेच त्याच्यावर एकेक जबाबदारी पडत गेली आणि शेवटी तो तिथला मुख्य कारभारी झाला. नोकर ठेवणं, कोठार, स्वयंपाक, चादरी, हिशोब, सगळं त्याच्याकडे. आणि कारभारी झाल्यावर त्याला जे दिसलं ते भयंकर होतं. त्या काळी इस्पितळात सेवक म्हणून कोण यायचं, तर ज्यांना दुसरीकडे कुठे काम मिळत नाही ते, कधीकधी गुन्हेगारसुद्धा, पगार नाममात्र. आजारी माणूस पाणी मागत मागत मरायचा. घाणीत पडून राहायचा. जेवण समोर ठेवलं की काम झालं, खाल्लं की नाही कोणी बघायचं नाही, आणि ज्याला हातच उचलता येत नाही तो कसा खाणार.

आणि एक गोष्ट वाचून मी खरंच हादरले. कॅमिलसच्या लक्षात आलं की काही लोक जिवंत असतानाच मेले समजून उचलले जात होते. घाई! खाट रिकामी करायची घाई. म्हणून पुढे त्याने आपल्या माणसांना नियम घालून दिला की एखाद्याचा श्वास थांबला असं वाटलं तरी किमान पाव तास तिथेच थांबायचं, मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना चालू ठेवायच्या, आणि तोवर चेहऱ्यावर कापड टाकायचं नाही. चारशे वर्षांपूर्वी, ना ईसीजी ना मॉनिटर ना स्टेथोस्कोप, त्या काळात एका माणसाने डोळ्यांनी बघून हे ओळखलं. आपल्याकडे आता मृत्यू जाहीर करायची पद्धत असते, डॉक्टर तपासतात, ईसीजीची पट्टी काढतात, वेळ लिहितात, पण पाव तास कोणी थांबत नाही हेही खरं.

सुरुवातीला त्याने पगारी नोकरांना सुधारायचा प्रयत्न केला. अचानक राउंड मारायचा, रात्रीबेरात्री उठून बघायचा, ओरडायचा. काही उपयोग झाला नाही. मग १५८२ च्या ऑगस्टमध्ये, स्वर्गोन्नयनाच्या, म्हणजे मारियेला स्वर्गात घेतल्याच्या सणाच्या सुमारास, एका रात्री वॉर्डमध्ये जागा असताना त्याच्या डोक्यात आलं की हे काम पगारासाठी करणाऱ्यांकडून होणारच नाही, देवाच्या प्रेमापोटी करणारी माणसं हवीत, आई करते तशी. झालं. एवढीच कल्पना. इस्पितळातल्याच चार-पाच जणांना घेऊन त्याने सुरुवात केली, बेर्नार्दिनो नोर्चिनो, कुर्त्सिओ लोदी अशी साधी माणसं, एक फादरही होते. एका खोलीत छोटी वेदी केली, मोठा क्रूस लावला, तिथे जमून प्रार्थना करायचे आणि मग वॉर्डमध्ये जायचे.

तर इस्पितळाच्या विश्वस्तांनाच संशय आला. हे लोक इस्पितळ ताब्यात घेणार म्हणून. ती खोली मोडायला लावली. कॅमिलसने तो क्रूस उचलून आपल्या खोलीत नेला आणि रात्रभर अस्वस्थ राहिला. तेव्हा त्याला क्रुसावरच्या ख्रिस्ताने हात पुढे करून धीर दिला, कशाला घाबरतोस, हे काम तुझं नाही माझं आहे, असं त्याने नंतर सांगितलं. तुम्ही त्याला दर्शन म्हणा, स्वप्न म्हणा, मी विश्वासाने दर्शनच म्हणते. तो क्रूस रोममध्ये पॅन्थिऑनजवळच्या मारिया माग्दालेनाच्या चर्चमध्ये अजून आहे, कॅमिलसचे अवशेषही तिथेच.

फिलिप नेरींनाही त्याचं हे धाडस पटलं नव्हतं बरं का. शिक्षण नाही, तापट स्वभाव, हा काय संघ चालवणार, आहे ते इस्पितळ नीट सांभाळ असं त्यांचं मत, आणि कॅमिलसने ऐकलं नाही तेव्हा त्यांनी त्याचं मार्गदर्शन सोडलं. दोघेही संत! एका संताने दुसऱ्याला सांगितलं की तुला जमणार नाही. मला हे वाचून उलट बरं वाटलं, म्हणजे चांगली, देवाला धरून असलेली माणसंही एकमेकांशी असहमत होतात आणि तरी दोघांचंही काम देवाचंच असू शकतं.

संघ उभा करायचा तर कोणीतरी धर्मगुरू पाहिजे, म्हणून हा वयाच्या बत्तिशीत लॅटिन शिकायला बसला, येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) रोमन कॉलेजात, लहान मुलांच्या वर्गात. साडेसहा फूट उंचीचा जुना सैनिक बाकावर आणि आजूबाजूला पोरं. पोरं चिडवायची, उशीर केलास यायला. शिक्षक म्हणाले, उशिरा आलाय पण देवाच्या सभेत, म्हणजे चर्चमध्ये, मोठं काम करेल. त्याची गुरुदीक्षा १५८४ मध्ये पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला झाली, आणि ती दिली थॉमस गोल्डवेल नावाच्या वेल्समधल्या बिशपांनी, जे एलिझाबेथ राणीच्या काळात देश सोडून रोममध्ये राहत होते. दीक्षेसाठी उत्पन्नाचं काहीतरी साधन दाखवावं लागायचं, ते फेर्मो काल्वी नावाच्या रोमच्या एका गृहस्थांनी दिलं.

त्याच वर्षी त्याने सान जाकोमो सोडलं आणि आपल्या माणसांना घेऊन सांतो स्पिरितो इस्पितळात रोज जायला लागला, व्हॅटिकनजवळचं, त्या काळातलं रोमचं सगळ्यात मोठं इस्पितळ. पगार नाही, हुद्दा नाही. सकाळ झाली की जायचं, खाटा नीट करायच्या, तोंड धुवून द्यायचं, भरवायचं, मळलेले कपडे बदलायचे, आणि ज्याची वेळ जवळ आली आहे त्याच्यापाशी बसून राहायचं.

याच काळात त्याने नियम लिहिले, आजाऱ्यांची सेवा पूर्णपणे कशी करावी याचे. त्यातला एक नियम मी माझ्या लॉकरच्या आत लिहून चिकटवलाय. त्याचा आशय असा की प्रत्येकाने प्रभूकडे आपल्या शेजाऱ्याबद्दल आईची माया मागावी, म्हणजे आपण आजाऱ्याची सेवा तशी करू जशी प्रेमळ आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची करते. हे लिहिणारा माणूस ज्याची आई लहानपणीच गेली, जो स्वतः बराकीत वाढला. आणि बघा, त्याने फक्त 'प्रेम करा' म्हणून सोडलं नाही. काय करायचं ते सांगितलं. खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. सांसर्गिक रोगी वेगळे ठेवा. ज्याला जे पचेल ते द्या. जेवण झालं का बघा. आज हे कुठलीही फर्स्ट इयरची मुलगी सांगेल पण तेव्हा कुठे जंतू माहीत होते कोणाला, हवा आत आली तर रोग वाढेल असंच बऱ्याच लोकांना वाटायचं.

आपल्या माणसांना तो सांगायचा, भावांनो, त्या हातांत अजून जीव ओता. म्हणजे हातांत काळीज असू दे. ज्यांनी बेडरिडन पेशंटला कूस बदलून दिली आहे त्यांना हे लगेच कळेल, तोच पेशंट, तीच चादर, पण एका हाताने तो कण्हतो आणि दुसऱ्या हाताने नाही. टेक्निक शिकवता येतं, बाकीचं तो मागायला सांगायचा, प्रार्थनेत. मला शंभर हात असते तर, असंही म्हणायचा म्हणे. आजाऱ्यांना तो 'माझे मालक, माझे धनी' म्हणायचा, कधी कधी गुडघे टेकून भरवायचा, भरवता भरवता त्यांच्यात ख्रिस्त दिसून त्यांच्याकडेच आपल्या पापांची क्षमा मागायचा. एकदा तो एका आजाऱ्याचं करत असताना एका बड्या धर्माधिकाऱ्यांचा निरोप आला की भेटायला या. याने उलट निरोप दिला, मी आत्ता ख्रिस्तापाशी आहे, झालं की येतो.

१५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी संघाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या झग्यावर लाल क्रूस लावायची परवानगी मिळाली. आईचं स्वप्न! फक्त अर्थ उलटा निघाला. १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी संघाला पूर्ण धर्मसंघाचा दर्जा दिला आणि ८ डिसेंबर १५९१ ला कॅमिलस आणि २५ साथीदारांनी व्रतं घेतली. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं तर बहुतेक संघांत असतात. यांचं चौथं होतं, आजाऱ्यांची सेवा करायची, प्लेगचे असले तरी, जीव गेला तरी.

हे नुसतं कागदावर नव्हतं. १५८८ मध्ये नेपल्सला नवीन मठ काढायला गेले तेव्हा बंदराबाहेर काही जहाजं उभी होती, आत साथ, म्हणून बंदरात येऊ देत नव्हते. आतले लोक आतच मरणार. कॅमिलसची माणसं त्या जहाजांवर गेली आणि त्यातले दोघं त्याच रोगाने मेले. संघातले हे पहिले. नंतर प्रत्येक साथीत असे जात राहिले. कोविडमध्ये पहिल्या लाटेत आम्ही पीपीई किट घालून वॉर्डमध्ये जाताना जी भीती वाटायची, घरी लहान मूल, सासूबाई, ती भीती मला अजून आठवते, आणि आमच्याकडे किट तरी होतं. त्या दोघांकडे काय होतं. त्या दिवसांत मी त्यांच्यासाठी नाही तर त्यांच्याकडे प्रार्थना करायचे, नावं माहीत नव्हती तरी.

पुढे १५९५ आणि १६०१ मध्ये हंगेरीच्या बाजूला तुर्कांशी चाललेल्या लढायांत सैन्याबरोबर त्याने आपली माणसं पाठवली, जखमींना बघायला. युद्धभूमीवरचं वैद्यकीय पथक म्हणून याची नोंद घेतात. लाल क्रूस लावलेली माणसं रणांगणावर जखमी उचलतायत, त्यामुळे पुष्कळ जण म्हणतात की रेडक्रॉसचं चिन्ह इथूनच आलं. ते तसं नाही, जिनिव्हाच्या रेडक्रॉसचं चिन्ह स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून झालं आणि ते १८६० च्या दशकातलं. पण अडीचशेहून जास्त वर्षं आधी लाल क्रूस तेच काम करत होता हे मात्र खरं, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं.

१५९८ च्या ख्रिस्तजयंतीला रोममध्ये टायबर नदीला प्रचंड पूर आला, त्या शहराच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या पुरांपैकी एक. सांतो स्पिरितो नदीला लागूनच. कॅमिलस तेव्हा ४८ वर्षांचा, पाय तसाच, पोटाचा हर्निया वेगळाच, आणि हा माणूस रात्रभर पाण्यात उभा राहून आजाऱ्यांना एकेक करून उचलून वरच्या मजल्यावर नेत होता. चिघळलेली जखम घेऊन पुराच्या पाण्यात! नर्स म्हणून माझ्या अंगावर काटा येतो, माणूस म्हणून नमस्कार करावासा वाटतो.

आता एक भाग जो भक्तिपर चरित्रांत पटकन उरकतात. संघ वाढला तशी भांडणं वाढली. पुष्कळ सदस्य, विशेषतः धर्मगुरू असलेले, म्हणायला लागले की आपलं काम आध्यात्मिक, पापनिवेदन ऐकायचं, मरणाऱ्याला तयार करायचं. बेडपॅन आणि झाडू आपलं काम नाही. लोकही त्यांना 'चांगल्या मरणाचे फादर' म्हणायचे. कॅमिलसला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, आत्मा आणि शरीर वेगळं करून सेवा होत नाही, ज्याचं अंग घाणीत आहे त्याला नुसती प्रार्थना काय ऐकवता. १५९४ मध्ये मिलानच्या मोठ्या इस्पितळात त्याने सगळीच सेवा, दिवसरात्रीची, अंगावर घेतली आणि बाकीच्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १६०० मध्ये पोप क्लेमेंट आठवे यांच्या आदेशाने दोन्ही सेवा, आत्म्याची आणि शरीराची, संघाचं काम म्हणून पक्की झाली.

यात तो शंभर टक्के बरोबर होता असं मी म्हणणार नाही. तो हट्टी होता, माणसं आणि पैसे किती आहेत ते न बघता काम अंगावर घ्यायचा, संघावर कर्जाचा डोंगर झाला, तरुण पोरं थकून आजारी पडायची. कामाचा भार माणसांच्या प्रमाणात असावा हे कुठल्याही सिस्टरला विचारा. पण मूळ मुद्द्यावर तो बरोबर होता आणि त्याने तो सोडला नाही म्हणून आज नर्सिंग म्हणजे पूर्ण माणसाची काळजी असं आपण शिकतो आणि शिकवतो. आमच्यातही हे असतंच की, चार्टिंग आणि औषधं वरच्या दर्जाचं काम आणि स्पंजिंग, डायपर खालच्या दर्जाचं, ते आया-मावशींनी करावं. मी जेव्हा स्वतः एखाद्या आजोबांचं स्पंजिंग करते तेव्हाच त्यांच्या पाठीवर बेडसोअर सुरू होतोय का ते दिसतं, आणि तेव्हाच ते मनातलं बोलतात. कॅमिलसला हेच म्हणायचं होतं, असं मला वाटतं.

१६०७ मध्ये त्याने संघप्रमुखपद सोडलं आणि परत साधा सेवक झाला. पायाची जखम, ३८ वर्षांचा हर्निया, तळपायाला फोड, शेवटी शेवटी पोटात अन्न ठरेना. या सगळ्यांना तो देवाची कृपा म्हणायचा, मोजून. उभं राहवत नसलं तरी रात्री उठून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जवळजवळ रांगत जायचा, कोणाला काही हवंय का विचारायला. लोक त्याला झोपवायचे, तो परत उठायचा. हे वाचताना मला सुरुवातीचा तो सान जाकोमोचा तरुण आठवतो, हाक मारली तरी न येणारा, आणि मग हा म्हातारा, कोणी हाक न मारताही जाणारा. मधे ४३ वर्षं.

मरायच्या काही दिवस आधी त्याने आपल्या संघाला एक पत्र लिहिलं, मृत्युपत्रच म्हणा, आत्ताच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या सदस्यांना उद्देशून. १४ जुलै १६१४ च्या रात्री रोमच्या माग्दालेना मठात तो गेला, वय ६४. मरणाऱ्यांसाठीच्या ज्या प्रार्थना त्याने आयुष्यभर दुसऱ्यांजवळ बसून म्हटल्या त्या आता त्याच्याजवळ चालू होत्या.

१७४६ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी संत जॉन ऑफ गॉड यांच्याबरोबर त्याला आजाऱ्यांचा आणि इस्पितळांचा आश्रयदाता केलं, आणि १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी नर्सेसचा. संघ आजही आहे, जगभर, आपल्या भारतातही, आणि झग्यावरचा लाल क्रूसही तोच आहे.

१४ जुलैला त्याचा सण असतो. माझ्या नर्स मैत्रिणींनो, त्या दिवशी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जमलं नाही तर राहू दे, ड्युटी असतेच, पण त्याच्याकडे एकदा मागा. मी मागते ते हातांसाठी. आणि ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, रात्ररात्र जागरण चालू आहे, त्यांनीही मागा, तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड आहे कारण तुम्हाला शिफ्ट संपल्यावर घरी जायची सोय नाही. तुमच्यापैकी कोणाला या संघातल्या फादर-ब्रदर्सच्या कामाचा अनुभव असेल तर मला खरंच ऐकायचंय, लिहा.